फलाटावरचं घड्याळ मागे आहे

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी ६.३०. आजपासून रोजनिशी. रोज, न चुकता, मोजक्या शब्दांत.

कन्येनं तिच्या आईमार्फत एक लिंक पाठवली आहे. ती अमेरिकेत ज्या गावी शिकायला आहे, तिथल्या स्टेशनवर कॅमेरा बसवलाय म्हणे. चोवीस तास लाइव्ह. लांबच लांब मालगाड्या जाताना दिसतात. बाबांना आवडेल, असा निरोप होता. मी हिला सांगितलं की आवडण्याबिवडण्याचा प्रश्न नाही. बस डेपोचा वाहतूक नियंत्रक या नात्यानं एकदा नजर टाकीन.

कन्येचा जुना लॅपटॉप उघडला. फलाट, एक बाकडं, दिव्याचा खांब, भिंतीवर गोल घड्याळ. माणूस नाही. सात वाजता गाडी आली ती संपेचना. मोजायला घेतली. बहात्तराव्या डब्याला दाराची बेल. नळ दुरुस्त करणारा. त्याला नंतर बोलवू म्हणालो, तर ही म्हणाली की तीन दिवस हातापाया पडून आणलाय, तुमची मालगाडी काय पळून जातेय का. बटण दाबून गाडी जागच्या जागी थांबवली.

नळवाल्यापायी दोन तास चाळीस मिनिटं गेली. नळ सोडून सगळ्या विषयांवर त्याला मतं आहेत. परत येऊन बटण दाबलं, त्र्याहत्तरावा डबा हजर. एकूण ११८. मोजणीत एका डब्याचा फरक नाही. तेहतीस वर्षांची शिस्त अशी वाया जात नाही.

५ एप्रिल, शनिवार

लॅपटॉप बंद करायचा नाही असं ठरवलं. बंद केला की सलगता जाते. त्यावर चिठ्ठी चिकटवली: हात लावू नये, हुकमावरून. ही म्हणाली, घरात राहतो आपण दोघं, हुकूम नेमका कुणाला? मी चिठ्ठीला आणखी एक चिकटपट्टी लावली.

नियम: रोज पाऊण तास. ६.३० ते ७.१५. मग दाढी, अंघोळ, पेपर. दुपारी दोनला ड्यूटी.

डेपोतून जुनं उशीर-रजिस्टर आणलं. शेवटची चाळीस पानं कोरी होती, नाहीतरी रद्दीतच जाणार. रकाने आयते आहेत. ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशीर, कारण, चालकाची सही. डब्यांचा रकाना हातानं आखला.

आज सव्वाआठ झाले. अपवाद. गाडी अर्धी सोडून उठणं बरं दिसत नाही.

६ एप्रिल, रविवार

गंभीर बाब. फलाटावरचं घड्याळ मागे आहे.

इथले सकाळचे साडेसहा म्हणजे तिथले आदल्या संध्याकाळचे सहा. तीनदा ताडून पाहिलं. घड्याळात वाजलेत तीन वीस! तब्बल दोन तास चाळीस मिनिटांचा फरक. डेपोतलं घड्याळ मिनिटभर मागे पडलं तरी मी जेवण सोडून घड्याळजीला बोलावतो. आणि ही म्हणे महासत्ता.

स्टेशनवाल्यांना ईमेल केली. ईमेल कशी करायची ते कन्येनं शिकवलं होतं, तेव्हा आम्ही बोलत होतो.

सूर्याचंही तेच. तिथले रात्रीचे आठ झाले तरी लख्ख ऊन. अमेरिकेत सूर्यालाही ओव्हरटाइम असावा.

८ एप्रिल, मंगळवार

चित्राच्या शेजारी एक पट्टी आहे. तिथं जगभरची रिकामटेकडी मंडळी गप्पा लिहीत बसतात. इंग्रजीत. मी वाचतो, केवळ निरीक्षण म्हणून.

आश्चर्य असं की या लोकांना नसलेल्या गाड्या दिसतात. रूळ मोकळे, फलाटावर चिटपाखरू नाही, आणि हे लिहितात की वा, काय गाडी आहे, पुढे तीन इंजिनं! मी डोळे चोळून पाहिलं. काही नाही. उलट खरीखुरी गाडी आली तेव्हा ही मंडळी गुडघेदुखीवर बोलत होती. एकटेपणानं माणसाचं काय होतं ते पाहून वाईट वाटलं.

कुणीतरी खरं सांगायलाच हवं. लिहिलं: नो ट्रेन. नावाच्या जागी हुद्दा टाकला: कंट्रोलर.

पाऊण तासाचा नियम उद्यापासून कडक.

११ एप्रिल, शुक्रवार

स्टेशनवाल्यांचं उत्तर आलं. आमचं घड्याळ अचूक आहे, कृपया आपल्याकडे तपासून पाहावं, असा मजकूर. चोराच्या उलट्या बोंबा. तरीही तपासलं. मनगटावरचं घड्याळ, डेपोतलं घड्याळ आणि शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरचं घड्याळ, तिन्ही सेकंदाला सेकंद जुळली. माझ्याकडे दोष नाही. विषय माझ्यापुरता संपला.

डेपोतले चालकही हेच करतात. स्वतः उशिरा यायचं आणि कंट्रोलरच्या घड्याळाला नावं ठेवायची.

चॅटवर आता मला मान आहे. मी आलो की चार-पाच जण लगेच लिहितात, कंट्रोलर आले, आता सांगा साहेब, गाडी आहे की नाही? मी सांगतो, नाही. मग बरेच हसरे चेहरे येतात. कुणीतरी लक्ष ठेवून आहे याचंच माणसाला बरं वाटतं.

१३ एप्रिल, रविवार

ही दर रविवारी दुपारी कन्येशी फोनवर बोलते, चेहरा बघत. मी त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नखं कापतो. बोलणं कानावर पडतं त्याला माझा इलाज नाही. कन्येनं विचारलं, बाबा बघतात का कॅमेरा? हिनं सांगितलं, बघतात म्हणजे काय, नांगर टाकून बसलेत. मी आतून खाकरलो.

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. कन्या माझ्याशी बोलत नाही. दुरुस्ती: मी कन्येशी बोलत नाही. चौदा महिने झाले. शब्द टाकून तिला डेपोच्या ऑफिसात चिकटवली होती. ती चांगली नोकरी सोडून पुढे शिकायला निघाली. तरीही मोठ्या मनानं टॅक्सी मीच सांगितली. पहाटे पाचची. मी पावणेपाचपासून गेटवर उभा. ती खाली उतरली पाच बाराला. बारा मिनिटं! मी म्हणालो की उशिरा येणाऱ्या प्रवाशासाठी कंट्रोलर थांबत नाही, आणि जिना चढून वर आलो. विमानतळावर सोडायला ही गेली. नियम म्हणजे नियम, घरचा असो की दारचा.

टॅक्सी निघताना तिनं काच खाली करून वर खिडकीकडे पाहिलं होतं. मी पडद्याआड होतो, म्हणजे मी ते पाहिलेलं नाही.

आज फलाटावर निळ्या कोटातली एक मुलगी आली. बाकड्यावर बसली, उठून गेली. कन्या नव्हती. गाडीशी संबंध नसल्यानं रजिस्टरात घेतली नाही. इथं घेतली.

१६ एप्रिल, बुधवार

डेपो मॅनेजरांना लेखी प्रस्ताव दिला. विषय: अमेरिकन पद्धतीचा अवलंब. तिथं एक इंजिन-चालक शंभर-सव्वाशे डबे ओढतो. आपणही दोन बस एकमेकींना जोडल्यास एक चालक वाचेल. मॅनेजरांनी विचारलं, वळणावर मागची बस कुठं जाईल? मी म्हणालो, पुढच्या बसच्या मागे. त्यांनी कागद परत दिला आणि झोप नीट होते ना, अशी चौकशी केली. वरिष्ठांना माझी काळजी आहे हे पाहून बरं वाटलं. प्रस्ताव उंचावरचा होता, खाली पोचायला वेळ लागेल.

रोजचा पाऊण तास आता सरासरीनं मोजायचा असं ठरवलं. आज तीन तास. म्हणजे पुढचे तीन दिवस सुट्टी.

१७ एप्रिल, गुरुवार

सुट्टी रद्द. एक गाडी हुकली तर रजिस्टरात भोक पडतं.

१९ एप्रिल, शनिवार

डेपोत प्रसंग. आमच्याकडे एक चालक आहे, त्याला सगळे गोगलगाय म्हणतात. नाव मी पाडलेलं नाही, फक्त चालू ठेवलंय. त्याची बस चार पाचला यायची, मी नोंद केली चार वीस. कारण विचारलं. हा पठ्ठ्या शांतपणे म्हणतो, साहेब, बस चार पाचलाच फलाटाला लागली. तुम्ही वहीत डोकं घालून कसलेसे डबे मोजत होता. बस वेळेवर आली, तुम्ही मान उशिरा वर केलीत.

रजिस्टरात पंधरा मिनिटं उशीर लिहिला. कारण: उद्धटपणा. सही करायला लावली. त्यानं केली, वर हसला. असली माणसं आयुष्यात कधी वेळ पाळणार नाहीत.

चॅटवर वाद. ही मंडळी डबे मोजताना इंजिनंही धरतात. मी कडक शब्दांत लिहिलं की इंजिन म्हणजे डबा नव्हे. मग आठवलं, कन्या लहान असताना स्कूटरवर पुढे उभी राहायची. रेल्वे फाटक बंद असलं की दोघं मिळून गाडी मोजायचो. तिचा आकडा दर वेळी एकानं जास्त. मी समजवायचो, बाळा, इंजिन धरायचं नसतं. ती म्हणायची, सगळ्यांना घेऊन तेच तर चाललंय, मग त्याला कसं सोडायचं? फाटक उघडून मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी आमचा वाद संपत नसे.

हे इथं कशाला लिहिलं माहीत नाही. तांत्रिक संदर्भ म्हणून राहू दे.

२१ एप्रिल, सोमवार

ही सकाळी नऊला चहा घेऊन आली आणि लॅपटॉपसमोर उभी राहिली. म्हणाली, अहो, परवा याच वेळेला तिचा फोन आला होता, तर तिच्या खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता. तुमच्या इथं ऊन कसं? मी समजावलं की कॅमेऱ्याची भिंगं उत्तम दर्जाची असतात, अंधारातही उजेड खेचून घेतात. ही म्हणाली, एकदा ते बंद करून चालू तरी करून बघा. मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. थेंबभर रक्तावरून निदान करायची सवय लागलीय. वाहतुकीत तसं चालत नाही.

२३ एप्रिल, बुधवार

निरोप आला आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी बरोबर सहाला कन्या त्या फलाटावर येणार. दिव्याच्या खांबापाशी अर्धा तास उभी राहणार. हातात बोर्ड असेल. बाबांनी बघावं.

आपला रविवार, सकाळचे साडेसहा. हिची नेमकी सकाळची पाळी. पाळी बदलून घे म्हणालो, तर म्हणाली, मी तिला दर आठवड्याला बघते, ती तुमच्यासाठी उभी राहतेय. आणि एक सांगते, त्या दिवशी घड्याळ घेऊन बसू नका. मी विचारलं, मग काय घेऊन बसू? ही जोरात भांडी लावत राहिली.

मला फारसं काही वाटलेलं नाही. दुपारी डेपोत तीन बसच्या नोंदी चुकल्या, पण तो उकाड्याचा परिणाम.

२६ एप्रिल, शनिवार

उद्यासाठी निश्चय:
शांत राहायचं.
उशीर झाल्यास पाच मिनिटांची सवलत. डेपोत आजवर कुणालाही दिलेली नाही.
फार तर दहा.
ती दिसली की लगेच हळवं व्हायचं नाही. आधी वेळ नोंदवायची.

शर्टाला इस्त्री केली. कॅमेऱ्यातून मी तिला दिसणार नाही हे मला ठाऊक आहे.

२७ एप्रिल, रविवार

५.४०. उठलो. दाढी. गालावर दोन ठिकाणी कापलं. ही जाताना म्हणाली, आज तरी मनापासून बघा तिच्याकडे.

६.१५. हजर. फलाट रिकामा. ऊन. भिंतीवरच्या घड्याळात तीन पाच. अजून दुरुस्त केलेलं नाही.

६.३०. रिकामा.

६.३३. चॅटवरची मंडळी आज फारच वाहवली आहेत. म्हणे खांबापाशी एक मुलगी उभी आहे, कॅमेऱ्याकडे हात हलवतेय, हातात बोर्ड आहे, ही लिपी कुणाला वाचता येते का? खांबापाशी कबूतरसुद्धा नाही. सहाला बोर्ड घेऊन एक मुलगी येणार, हे मीच मघापासून सगळ्यांना सांगत बसलोय, म्हणून कुणीतरी थट्टा मांडलेली दिसते. लिहिलं: नो गर्ल.

६.३५. सवलत संपली.

६.४०. वाढीव सवलत संपली.

६.४२. बारा मिनिटं. तीच बारा मिनिटं! चौदा महिन्यांत काही म्हणजे काही फरक नाही. आणि मी इथं इस्त्रीचा शर्ट घालून बसलोय.

६.४३. तिला ईमेल पाठवली. 'सहा वाजून बारा मिनिटं. नेहमीप्रमाणे.' खाली बाबा लिहिणार होतो. पण कार्यालयीन विषयात नातं आणू नये. लिहिलं: वाहतूक नियंत्रक.

६.५०. चॅटवर एक आजीबाई लिहितात की बिचारी अजून उभी आहे, वारा किती सुटलाय. लॅपटॉपचं झाकण खाली केलं. अर्ध्यावर थांबलो. पुन्हा वर केलं.

७.००. अर्धा तास संपला. आली नाही. हिला काय सांगायचं? सांगणार की मी माझ्याकडून सगळं केलं. शर्ट बदलला.

८.५०. पेपर वाचून झाला. काय वाचलं ते विचारू नये. रविवारची सुट्टी, दुसरं काम नाही, म्हणून पुन्हा बसलो. केवळ गाड्यांसाठी.

९.००. कन्या आली.

धावत आली. निळा कोट नाही, आईची जुनी शाल गळ्याभोवती. बारीक झालीय. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हसली. घड्याळात पाच पन्नास. अडीच तास उशिरा येऊन वर हसते!

९.१०. घड्याळात सहा. तिनं बोर्ड वर धरला. मोठी, जाड अक्षरं. 'बाबा, आज मी दहा मिनिटं आधी आलेय.'

संतापलो. धडधडीत खोटं, तेही बोर्डवर, जगासमोर. दुसरी ईमेल लिहायला घेतली. ती हात हलवत होती. एकदा कॅमेऱ्याकडे, एकदा स्वतःच्या मनगटाकडे बोट दाखवत होती. लहानपणी बक्षीस मिळालं की असाच चेहरा करायची. ईमेल पुढे लिहिता येईना.

९.२३. तिनं खिशातून फोन काढला. वाचला. तसाच हातात धरून उभी राहिली. हसू गेलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे.

त्या घड्याळात सहा तेरा होते.

मी तेहतीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही. सुटायची वेळ, पोचायची वेळ, फरक. हात आपोआप रजिस्टरकडे गेला. पाठवली ६.४३. तिनं वाचली ९.२३. फरक दोन तास चाळीस मिनिटं.

नळवाला.

माझ्या बापा! नळवाला.

९.२६. खुर्चीवरून उठून लॅपटॉपच्या पडद्याला हात लावला. ओरडलोसुद्धा, की पोरी, तू वेळेवर आहेस, आधी आहेस. ऐकणार कोण? पावणेतीन तासांपूर्वीची पोरगी ती. तिनं बोर्ड खाली केला नाही. वाऱ्यानं वाकत होता, दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं होतं, ती तडक निघून जाईल. मी असतो तर गेलो असतो. गेलोच होतो.

९.३१. तिच्या मागून मालगाडी आली. खूप लांब. ती वळली आणि बोटानं मोजायला लागली. मी मोजली नाही. पहिल्यांदाच. मी तिच्या बोटाकडे बघत होतो. गाडी संपल्यावर तिनं बोर्ड उलटा करून गुडघ्यावर ठेवला, मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं आणि वर धरलं. १२६.

९.४०. घड्याळात साडेसहा. बोर्ड काखेत मारून ती गेली. मिनिटाला मिनिट.

९.४५. रजिस्टर. गाडी: एक. डबे: १२६, इंजिनं धरून. मोजणारी: कन्या. ठरलेली वेळ: सहा. प्रत्यक्ष वेळ: पाच पन्नास. उशीर: दोन तास चाळीस मिनिटं. कारणाच्या रकान्यात गोगलगाईचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, की बस वेळेवर आली, कंट्रोलरनं मान उशिरा वर केली. शेवटच्या रकान्यात माझी सही.

९.५१. चिठ्ठी फाडली. चित्राच्या कोपऱ्यात 'लाइव्ह' या शब्दाशेजारी राखाडी ठिपका होता, तो दाबला. लाल झाला. एकदम काळोख. फलाटावर दिवे, बाकडं रिकामं, खांब रिकामा. घड्याळात रात्रीचे नऊ एकवीस. अचूक आहे.

९.५२. ईमेल पाठवली. आधी दहा ओळी होत्या, त्यात नळवाल्याचा दोष सविस्तर मांडला होता. त्या खोडल्या. राहिलं ते एवढंच: 'दिसलीस. वेळेवर होतीस. उशीर माझा.' सही: बाबा.

१०.०४. उत्तर नाही. बारा मिनिटं झाली. बसलोय.